धवल्यासाठी बसवलेलं बटण

बहिणीच्या लग्नात भटजी नको, हे मी घरात कुणी विचारण्याआधीच जाहीर केलं. चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेला मुलगा दुसरं काय करणार? आमच्या आगरी समाजात लग्न लावायची ती धवलारीण. बाई धवले गाते आणि त्या गाण्यांवर नवरा-नवरीचं लग्न लागतं. याहून पुढारलेली रीत जगात कुठे असेल? पण उरणच्या बाजूला शिकलेल्या घरांना भटजींची नवी हौस लागली होती. ती मोडायची म्हणून मी 'धवलारणीचा शब्द सगळ्यांच्या कानी गेला पाहिजे' असं पत्रकसुद्धा छापून वाटलं. आमची आत्याच धवलारीण, त्यामुळे काळजी नव्हती.

मग मुंबईहून चुलतभाऊ आला, जुनी इलेक्ट्रिक बेस गिटार घेऊन. मांडव घातला त्याच दिवशी त्याने ती भाड्याच्या लाऊडस्पीकरला जोडली आणि जाड तार छेडली. भोंग्यात कुणी रिकामं पिंप गडगडवत नेतंय असं वाटलं. माइक आणि गिटार एकाच यंत्रावर. आत्या माइकमध्ये बोलायला गेली तर तिचे शब्दच फुटले.

"ह्यो रेडा माज्या धवल्यात हंबरला, तर मी उठून जाईन," आत्या म्हणाली. "मंग लाव बहिनीचा लगीन तुज्या कागदावर."

बाबांनी लगेच विचारलं, "भटजींना सांगून ठेवू का?"

माझं पत्रक गावभर फिरत होतं. आणि गिटारही मला हवीच होती. नवी वाद्यं फक्त मुंबईच्या हॉटेलांतच का वाजावीत? मी भावाला म्हटलं, "टोनचं बटण फिरव ना."

"ते वरची धार कापतं रे. आपल्याला खालचा गडगडाट कापायचाय."

त्यानेच उपाय काढला. मेलेल्या रेडिओतला कंडेन्सर गिटारच्या आवाजाच्या वाटेत बसवायचा. तो खर्ज अडवतो, वरचा सूर सोडतो. शिवाय त्याला वळसा घालणारं एक बटण. खाली दाबलं की जाडा आवाज, वर केलं की बारीक. बटण मिळालं ते भिंतीवरच्या दिव्याचं. गिटारीच्या अंगावर गळू उठल्यासारखं ते दिसत होतं. चुलीत सळई तापवून आम्ही डाख दिला.

आता चाचणी. आत्या गाईना. "नवरी बसली न्हाय आन् धवला म्हनू? येडा का खुला?"

मग माइकसमोर मीच उभा राहिलो आणि मिठागराच्या मजुरांवरचं माझं पत्रक वाचू लागलो. थोड्याच वेळात मिठागरातले लोक फावड्यांसकट मांडवात.

"सभा हाय का?"

"न्हाय, लगीन हाय," आत्या म्हणाली.

"मंग वाच की पुढं!"

मी पुढे वाचलं. शब्द स्वच्छ येत होते, पण गिटार कानाशी चिलट गुणगुणावं तशी वाजत होती. आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. भावाने पहिल्या कंडेन्सरच्या शेजारी दुसरा जोडला, तेव्हा आवाजाला थोडं अंग आलं.

लग्नाच्या दिवशी भावाने बटण वर करून ठेवलं. नवरी बसली, आत्याने धवला धरला, दुसरी बाई मागून ओळ झेलू लागली. एकेक शब्द बांधापलीकडे ऐकू जात होता. आत्या उठली नाही. बाबांनी भटजींचं नावही काढलं नाही. मी छाती काढून उभा होतो.

तेवढ्यात आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि पदरची ओळ घातली:

"नवरीचा भाव कागद वाटी गो,
पोरी बघून पलती आडवाटी गो!"

ओळ संपताच तिने गिटारीकडे हात केला. भावाने बटण खाली दाबलं, धडाम करून खर्ज उमटला आणि मांडव हसला. पुन्हा बटण वर, पुन्हा मी. माझे कपडे, माझी दाढी, माझी क्रांती, सगळं गाण्यात आलं, आणि सगळं अगदी स्पष्ट.

मी भावाच्या कानाशी लागलो. "अरे, ती गाते तेव्हाच खाली दाब ना!"

"अजिबात नाही," तो म्हणाला. "धवलारणीचा शब्द सगळ्यांना ऐकू गेला पाहिजे, असं तूच छापलंयस."