टीव्हीवाल्याचे तारे

रोह्याच्या कंपनीत लागलो तेव्हा जवळच्या वरसे गावात खोली घेऊन एकटाच राहायचो. सुट्टीला पेणला जाऊन नवा पिक्चर बघायचा आणि दुसऱ्या दिवशी कँटीनच्या टेबलावर रंगवून सांगायचा, एवढाच माझा लोकांशी संबंध. डबे उघडले की कुणीतरी म्हणायचंच, "चल, सुरू कर."

मग घरोघर केबल आली. टीव्हीवर एक कोटवाला दर आठवड्याला सिनेमांना तारे द्यायचा. "उत्तरार्धात ढेपाळतो" हे बॉयलरवरचे लोकही बोलू लागले. मला कोणी विचारेना. टेबलावर जागा राहावी म्हणून मीही घरमालकांकडे तो कार्यक्रम बघून त्याचीच वाक्यं म्हणू लागलो. पेणला जाणं सुटलं.

एका सिनेमाला त्याने एकच तारा दिला. "अगदी भिकार," मी टेबलावर सांगून टाकलं.

समोर धरमतरकडचे एक काका बसायचे. आधी मिठागरात राबलेले, घरी टीव्ही नसलेले. ते म्हणाले, "पेणच्या ष्टँडवर पोस्टर बघितला. ती बाय पेटी घेऊन कुठं चाललीय?"

"मी नाही बघितला, काका."

"मंग भिकार कसा?"

चिडवत नव्हते, खरंच विचारत होते. मी डब्याचं झाकण लावलं.

सुट्टीला पेण गाठलं. थिएटरात जेमतेम दहा माणसं. ती बाई मुलाचं घर सोडून निघते, तिथे मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर म्हणालो, "चांगला आहे पिक्चर."

"त्या टीव्हीवाल्यापेक्षा तुला जास्त कळतं काय?" एकजण म्हणाला. सगळे हसले आणि क्रिकेटवर गेले. काका नव्हते, त्यांची शिफ्ट बदलली होती.

आठवड्याने ते गेटवर भेटले. ते सुटले होते, मी आत चाललो होतो. मी घाईघाईने सांगू लागलो. "लेकाचं घर सोडलं? मंग ऱ्हाते कुठं?" तेवढ्यात बसने हॉर्न दिला. "सांग हां नंतर," म्हणत ते चढले. त्यानंतर आमच्या शिफ्ट जुळल्याच नाहीत, आणि पावसाळ्याआधी ते रिटायर झाले.

मी कोपऱ्यातल्या टेबलावर जेवू लागलो. पिक्चर मात्र पुन्हा बघायला लागलो. पुढे खोलीत टीव्ही घेतला. तो कोटवाला मला पटत नसे, तरी त्याचा कार्यक्रम चुकवला नाही. तेवढा वेळ खोलीत कुणीतरी सिनेमाबद्दल बोलत असायचं.