थांब भाऊ, लेकुरवाळी हाय

नांगराचा तास अर्ध्यात आला की त्याचा हात वर जायचा. "थांब भाऊ, लेकुरवाळी हाय." बैल थांबायचे, मी थांबायचो आणि माझं डोकं फिरायचं.

केदारखेड्यात त्याची-माझी सावड होती. त्याचा एक बैल, माझा एक, मिळून जोडी. एक दिवस माझं शेत, एक दिवस त्याचं. सावडीचा माणूस म्हणजे लग्नाच्या बायकोसारखा, कितीही चिडलात तरी सोडता येत नाही. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. पण तुमची त्यांच्याशी सावड नसेल, म्हणून ती तुम्हाला गोड वाटतात.

त्याच्या गाडीखाली कुत्री व्याली, तर ह्यानं दुसऱ्याची गाडी मागून आणली. "तिनं जागा पाहून ठेवली, आपण कोन उठवनारे?" एकदा महसुलाचे गिरदावरसाहेब घोड्यावरून येत होते आणि तितराची मादी पिल्लं घेऊन वाट ओलांडत होती. हा घोड्यापुढे आडवा. "साहेब, जरा सबर. लेकुरवाळी हाय." निजामाचं राज्य, साहेबाचा घोडा! साहेब हसले म्हणून निभावलं.

हसनाबादच्या बाजाराला तो दुसरा बैल घ्यायला गेला, तेव्हा मी खूश होतो. सुटलो एकदाचा! संध्याकाळी आला तो म्हातारी गाय आणि तिचं वासरू घेऊन.

"एक जन गाय मागून राह्यला, दुसरा वासरू. ताटातूट झाली अस्ती, भाऊ."

"मंग बैल?"

"बैल तर तुझा हायेच की!"

खरा कहर झाला बाजरीच्या पेरणीत. वाफसा जेमतेम दोन दिवसांचा, वर ऊन तापलेलं. ओल उडाली की दाणा मातीतच मरणार आणि घराची वर्षाची भाकर जाणार. दिवस माझा होता. तिफण त्याच्या हातात, माझी बायको चाड्यावर बी सोडतेय, मी पुढे ढेकळं फोडतोय. मधेच उघड्या रानात टिटवीची अंडी. तिफण जवळ आली की टिटवी समोर पडायची आणि मोडल्यासारखा एक पंख ओढत बांधाकडे सरकायची. पंख धडधाकट आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हा तिफण सोडून, हात पसरून तिच्यामागे! बांध आला की ती उडून जायची, हा परत यायचा. पुढच्या तासाला पुन्हा तेच.

"अरे, फसवून राह्यली ती तुला!" मी ओरडलो.

"ठाऊक हाय. लेकरासाठी येवढी मेहनत करून राह्यली. फसायला आपलं काय जातं?"

"माझी बाजरी जाते!"

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

अर्धं रान तसंच राहिलं. दुसरा दिवस त्याचा. मी सकाळी भांडायची सगळी तयारी करून निघालो, तर हा बैल घेऊन माझ्याच शेतात उभा. "आधी तुझं होऊ दे." माझी बाजरी उगवली आणि त्याचं रान वाळून गेलं. त्या साली त्याचं घर आमच्याच बाजरीवर चाललं. म्हणजे ह्या माणसाशी धड भांडायचीही सोय नव्हती!

पुढच्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि तो पाहता पाहता गेला.

नवा सावडकरी कामाला बिलकुल बराबर. ना थांबणं, ना बोलणं. पेरणीला टिटवी होतीच. ती समोर पडली, पंख ओढू लागली. हा अंड्यांना वळसा घालून पुढे गेला. तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. ती थोडी सरकली, थांबली, मागे वळून पाहिलं. कुणी येत नाही म्हणून पुन्हा जवळ आली आणि आणखी जोरात पंख ओढू लागली.

बायको माझ्याकडे बघत होती.

"काय बघून राह्यली?" मी खेकसलो. आणि ढेकळांत ठेचकाळत, हात पसरून, त्या मेलेल्या माणसाला शिव्या घालत टिटवीमागे निघालो. हे काम त्याचं होतं. इतक्या लवकर मरायचं त्याला काही कारण नव्हतं.