करंजीचा जर्मन हिशेब

जी गोष्ट आपल्याच आईला समजावून सांगता येत नाही, तिचा पगार घ्यायचा तुम्हाला अधिकार आहे का? मला नाही, असा ठराव आमच्या शहाडच्या घरात दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झालेला आहे. (ते एक मत माझं.)

बाबा कोलशेतच्या कारखान्यात युनियनची पत्रकं लिहायचे. नियम असा, की पत्रक आधी आईला वाचून दाखवायचं, तिला न कळलेला शब्द खोडायचा आणि शेवटी मागणी हवीच! या नियमावर मी वाढले, जर्मन शिकले आणि घोडबंदर रोडवरच्या एका भाषांतर कंपनीची चाचणी माझ्या पुढ्यात आली. बँकांच्या गुंतागुंतीच्या रोख्यांचे चाळीस जर्मन हिशेबी शब्द. प्रत्येकापुढे इंग्रजी शब्द आणि एक टीप. मुदत दुपारी बारा. पास झाले तर नोकरी, नाहीतर पुन्हा शिकवण्या. आईने तर नोकरी लागली म्हणून सोसायटीत सांगूनही टाकलेलं!

नऊ वाजता बाबांनी लॅपटॉपमध्ये डोकावलं.

"आईला वाचून दाखवलंस?"

"बाबा, हे पत्रक नाहीये."

"लोकांच्या पैशाबद्दल आहे ना? मग पत्रकच!"

(तत्त्वाचा प्रश्न आला की माझा मेंदू बंद पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.)

मी आईकडे वळले. "बघ, वरून साधा रोखा. त्याच्या पोटात दुसराच सौदा. जर्मन म्हणतात, काही वेळा दोघांचा हिशेब वेगळा दाखवा."

"म्हणजे करंजी! पारी वेगळी मोजायची, सारण वेगळं."

"अगं, अगदी तेच!"

"मग लिही की."

आणि मी लिहिलं! टिपेच्या रकान्यात! इंग्रजीत!

साडेअकराला 'ड्रोफेरलुस्टऱ्यूकश्टेलुंग' आला. मी आईला अर्थ सांगितला.

"तोटा अजून झालेला नाही, पण होणार असं दिसतंय. म्हणून आधीच बाजूला काढून ठेवलेली रक्कम."

"तोटा दिसतोय तर सौदा करतात कशाला?" बाबा भडकले.

"मला काही कळलं नाही बाई," आई म्हणाली. "खोड."

खोडला! बाराला तीन मिनिटं उरलेली आणि बाबांचं बोट शेवटच्या ओळीवर. "मागणी?" मी टाइप केलं, 'सारण काय आहे ते गिऱ्हाइकाला आधी सांगा!' फाईल पाठवली. मग वाचली.

तीन वाजता परीक्षक मॅडमचा फोन. आईने तो स्पीकरवर टाकला.

"एकोणचाळीस शब्द बरोबर आहेत. एक रकाना रिकामा का?"

घाबरले की मी खरं बोलते. "आईला कळला नाही."

पलीकडे कीबोर्डची टकटक. त्या टकटकीत माझी नोकरी खोडली जाताना मला ऐकू येत होती.

"पाच वाजेपर्यंत तो शब्द भरा. करंजी काढा, मागणी काढा. आणि प्लीज, घरात कुणाला दाखवू नका."

"मागणी का काढायची?" बाबा मागून गरजले. फोन बंद!

पाच वाजता जिन्यात बसून मी फाईल पुन्हा पाठवली. शब्द भरला. करंजी काढली. मागणी... काढवली नाही. खरंच सांगते, बोट बटणावर होतं, पण मागणी रास्त होती हो!

उत्तर अजून आलेलं नाही. आई सोसायटीत पेढे वाटून मोकळी झाली आहे. म्हणून वाचकहो, एक विनंती. तोटा अजून झालेला नाही, पण दिसतोय. तुमच्या ओळखीत कुणाला जर्मनची शिकवणी हवी असेल, तर दोन विद्यार्थी माझ्यासाठी आत्ताच बाजूला काढून ठेवा!