दुसऱ्यांच्या नावांची भांडी

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या घरात आमच्या नावाचं एकही भांडं नव्हतं. माय जरीपटक्याच्या बाजारातून जुनी भांडी वजनावर आणायची. आपल्याकडे लग्नकार्यात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं आणि गावाचं नाव टाकल्याशिवाय कुणाला आहेर दिल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे आमचं वरण उमरेडच्या कुण्या मास्तरांच्या पातेल्यात शिजायचं, आणि पाणी आम्ही काटोलच्या कुण्या आत्याबाईंच्या गडव्यानं प्यायचो. बाबा गिरणीतून आले की ताटावर बसता बसता म्हणायचे, "घरात आपण चौघं, अन् पंगत साऱ्या जिल्ह्याची!"

फक्त भांडीच नव्हती. कामठीच्या छावणीतून लिलावात निघालेली हिरवी लोखंडी पेटी आमच्याकडे तांदळाची कोठी झाली होती. मोडक्या शिलाई मशीनच्या पायांवर फळी ठोकून ताईचं अभ्यासाचं टेबल झालं होतं, आणि अभ्यास करता करता तिचे पाय आपोआप पायटा हलवायचे. माझ्या जन्माआधी बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, पण सागवानी देव्हारा मागे राहिला. मायनं त्यात माझी वह्या-पुस्तकं रचली. "लाकडाचा काय गुन्हा?" असं ती म्हणायची. मायला टाकणं हा प्रकारच ठाऊक नव्हता, आणि दुसऱ्यानं टाकलेलं पाहिलं की तिचा जीव कासावीस व्हायचा.

तिला वाचता मात्र येत नव्हतं. म्हणून बाजारात मी तिच्याबरोबर जायची. दुकानदार एक सिंधी म्हातारा होता. तो भांडं तागडीत टाकण्याआधी माय ते माझ्या हातात द्यायची, आणि मी त्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचं. ओळखीच्या कुणाचं नाव निघालं तर घ्यायचं नाही, हा तिचा पक्का नियम होता. एकदा न वाचता घेतलेला डबा आमच्याच गल्लीतल्या एका घराचा निघाला होता. त्यांच्याकडे चोरी झालेली होती, आणि आम्हाला महिनाभर तोंड लपवून फिरावं लागलं होतं. तेव्हापासून मी वाचणारी आणि माय ऐकणारी. मला ती सवय इतकी लागली की पाहुणी म्हणून गेले तरी मी ताट उलटं करून नाव वाचायची आणि घरी येऊन मार खायची.

मी पाचवीत होते आणि ताई तेविसाव्या वर्षात, तेव्हाची ही गोष्ट. साल चौऱ्याहत्तर असेल. बाबांच्या गिरणीतल्या एका दोस्तानं ताईसाठी स्थळ आणलं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून, निर्व्यसनी, आणि अंगानं बरा. त्याआधी ताईला पाहून चार जण गेले होते आणि चौघांनीही 'कळवतो' म्हणून काहीच कळवलं नव्हतं. त्यामुळे आठ दिवस आमच्या घरात त्या मुलाचं नाव, आडनाव आणि गाव यांचा जप चालला होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

आदल्या दिवशी मायच्या लक्षात आलं की पोहे द्यायला एकसारख्या प्लेटा नाहीत. सहा पाहुण्यांपुढे सहा गावांच्या सहा प्लेटा ठेवायच्या? मायनं पदर खोचला आणि ती एकटीच जरीपटक्याला गेली, कारण माझी परीक्षा होती. संध्याकाळी ती सहा एकसारख्या स्टीलच्या प्लेटा घेऊन आली. कुठे पोचा नाही, चरा नाही. तिच्या आनंदाला पारावार नव्हता. "साऱ्यायवर अक्षरंही सारखीच हायेत वं," ती म्हणाली, "म्हंजे एकाच घरचा संच हाय." शेजारच्या काकूंनी लगोलग त्या राखेनं घासून पालथ्या घातल्या. त्याही मायसारख्याच, अक्षरशत्रू. ताईला त्या दिवसापुरतं कामाला हात लावू दिला नव्हता, आणि मी भूगोलाच्या पुस्तकात डोकं खुपसून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मुलगा, त्याचे आईवडील, एक काका, एक मित्र आणि मध्यस्थ असे सहा जण आले. पोहे झाले, चहा आला. मुलानं ताईला विचारलं, "अजून शिकावंसं वाटते का?" आधीच्या चौघांपैकी एकानंही असं काही विचारलं नव्हतं. ताई लाजून "हो" म्हणाली आणि तिनं वर पाहिलं. ती हसली होती. मी दारातून पाहिलं आणि मनात म्हटलं, जमलं!

मी रिकाम्या प्लेटा उचलून आत आणल्या. मोरीत ठेवताना सवयीनं वरची उलटी केली आणि सवयीनंच मोठ्यानं वाचली.

मुलाचं नाव. त्याचं आडनाव. त्याचं गाव. पुढे 'व' आणि एका मुलीचं नाव. 'यांच्या मंगल परिणयानिमित्त, मुलीच्या मामाकडून सप्रेम भेट.' खाली मामाचं नाव, कामठी, आणि तीन वर्षांपूर्वीची तारीख.

वाचून होईपर्यंत मला अर्थच लागला नव्हता. मला एवढंच वाटलं की अरे, हे तर आपल्या पाहुण्यांचंच नाव! मग बाहेरचं बोलणं थांबलेलं मला ऐकू आलं. आमची बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यात फक्त एक पडदा होता. मी दुसरी प्लेट उलटी केली. तिसरी केली. सहाही प्लेटांवर तेच.

पडदा सरकवून बाबा आत आले, त्यांनी प्लेट हातात घेतली, वाचली आणि तशीच बाहेर नेऊन मुलाच्या वडिलांपुढे धरली. "हे काय होय, साहेब?"

मुलाचे वडील म्हणाले, "त्या नावाचा दुसरा कोणी असन." पण आवाजात दम नव्हता. मुलगा मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडे पाहत बसला. शेवटी त्याची आई म्हणाली, "मेली ते पोरगी. दोन वर्षं झाले. सांगणारच होतो आम्ही." मध्यस्थानं "मले ठाऊक नव्हतं" म्हणून कानाला हात लावले. चहाचे कप अर्धे ठेवून सगळे उठले. जाताना मुलाची आई मायला म्हणाली, "इचार करून कळवा." पाचव्या स्थळाला का होईना, 'कळवतो' म्हणायची पाळी पहिल्यांदा आमच्यावर आली होती.

घरात भांडण पेटलं. पण मला धक्का बसला तो भांडणाचा नाही, बाबांचा. बाबा म्हणू लागले, "बिजवर असला म्हणून काय झालं? पोरगा गरीब हाय. पोरीचं वय पाहा." बाबांनी असं म्हणावं! आणि त्याहून नवल म्हणजे ताईही म्हणाली, "मले चालन, माय. मेलेल्या बाईचा काय राग करा?" चार नकार पचवून आलेल्या मुलीला एका माणसानं 'शिकावंसं वाटते का' विचारलं होतं. तिचा होकार मला तेव्हा वेडेपणा वाटला. आता वाटत नाही.

माय एकटी अडून बसली. "मेली त कशानं मेली, एवढं तं पायतो. बुडाली का जळाली? पोरगी देऊन राहिलो आपण, बकरी नाही." प्लेटेवर मामाचं नाव होतं आणि कामठी होती. रविवारी तिनं सहाही प्लेटा पिशवीत घातल्या, ताईला आणि मला घेतलं आणि बस पकडली. बाबांना सांगितलं, बाजारात चाललो. बसमध्ये मी वाटभर विहिरी आणि स्टोव्ह यांचाच विचार करत होते. त्या वयाला मेलेल्या सुनांबद्दल मला बरंच काही ठाऊक होतं.

मामाचं घर चहाच्या टपरीवर विचारून लगेच सापडलं. गल्लीभर पॉवरलूमची खटखट, इतकी की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. मामा कामावर होते. मामी ओसरीत होत्या, आणि पलीकडे एक मुलगी चाकावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. मायनं नागपूरहून आल्याचं सांगितलं, पाणी प्यायली आणि पिशवीतून एक प्लेट काढली. "हे तुमच्या इकडची होय का?"

मामींनी प्लेट फिरवून पाहिली. त्यांनाही अक्षर येत नव्हतं. त्यांनी त्या मुलीला हाक मारली, "इकडे ये वं, वाच बरं हे काय लिहून हाय."

ती उठून आली, हात पदराला पुसले आणि वाचू लागली. माझ्यासारखीच, मोठ्यानं. मुलाचं नाव, आडनाव, गाव. मग 'व' म्हणाली आणि थांबली.

"हे तं माह्या प्लेटा होत," ती म्हणाली.

मायच्या हातातून पिशवी सुटली आणि बाकीच्या पाच प्लेटा ओसरीभर झाल्या. मी आयुष्यात पुष्कळ धक्के खाल्ले, पण मेलेलं माणूस समोर उभं राहून प्लेट वाचताना एकदाच पाहिलं. ती ताईएवढीच होती. ती वाकून एकेक प्लेट उचलू लागली, मोजू लागली, आणि सहावी हाती आली तेव्हा तिचं तोंड असं उजळलं की मला आजही ते पाहवत नाही.

"त्यायनं पाठवलं तुमाले?" तिनं मायला विचारलं. "मले न्याले आले न तुम्ही? थांबा, आलीच मी." आणि ती आत पळाली.

तिच्या सासरच्यांनी तिची भांडी मोडीत घातली होती. तिला वाटलं, ओळख पटावी म्हणून त्यांनी ती खूण देऊन माणसं धाडली. मामी मायच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होत्या. लग्नानंतर वर्षभरात पोरीच्या पायावर पांढरा डाग निघाला. इलाजाला माहेरी ठेवतो, बरा झाला की नेतो, असं म्हणून नवरा स्वतः आणून सोडून गेला. आईबाप नव्हते, म्हणून मामाकडे. डाग वाढला नाही, गेलाही नाही. न्यायलाही कुणी आलं नाही, सोडचिठ्ठीही नाही. मामींचं सांगून होत नाही तोच ती बाहेर आली. हातात कापडी पिशवी होती, भरलेली. एवढ्याशा वेळात कुणी पिशवी भरू शकत नाही. ती भरूनच ठेवलेली होती.

माय नुसती त्या पिशवीकडे बघत राहिली. शेवटी ताई उठली आणि तिच्या अगदी जवळ जाऊन म्हणाली, "नाही वं. न्याले नाही आलो आम्ही. तो मले पाहाले आलता, लग्नासाठी. तू मेली म्हणून सांगतलं आमाले."

मला वाटलं आता ही किंचाळेल, प्लेटा भिरकावेल, ताईच्या झिंज्या धरेल. मी मायच्या मागे सरकले. पण त्या पोरीनं नुसतं विचारलं, "कोणं सांगतलं? त्यानं का त्याच्या मायनं?"

"मायनं," ताई म्हणाली. ते खरंच होतं.

"तेच म्हटलं," ती म्हणाली, आणि तिनं श्वास सोडला. "तो नाही म्हणनार असं." ती पिशवी मांडीवर घेऊन खाली बसली, आणि पुसायला हवी असल्यासारखी एकेक प्लेट पदरानं पुसू लागली.

त्या दिवशी तो आमच्या बैठकीत बसला होता, आईच्या शेजारी, आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं होतं. हे सांगायला मी तोंड उघडलं. ताईनं माझं मनगट असं आवळलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माय गप्प, ताई गप्प, म्हणून मीही गप्प बसले.

प्लेटा तिच्याकडेच ठेवून आम्ही परत आलो. बसमधून उतरताना ताई मायला एवढंच म्हणाली, "बाबाले सांग, नाही म्हणून." पुढे दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, चांगलं झालं. पण त्या ओसरीवर जे झालं त्यानं मी अजून हादरते. त्या दिवशी आम्ही तिच्यावर दया केली असं माय मरेपर्यंत म्हणायची. मला तसं वाटत नाही. मी ते एक वाक्य बोलले असते, तर कदाचित तिनं ती पिशवी त्याच दिवशी रिकामी केली असती.