सोजरबाईचा हेल

बेल्यात कुणाकडं मयत झाली की पहिला निरोप जायचा सोजरबाईला. ती दारातूनच "कसा गेला रे माया राजा" म्हणून हेल काढायची, मेलेल्याचा एकेक गुण आळवायची, आणि सासऱ्याशी उभा दावा मांडलेल्या सुनासुद्धा पदरात तोंड खुपसून हुंदके द्यायच्या. गावात तिला मान होता तो या रडण्याचा. आणि तोच मान रेणुकाबाईच्या घरच्या टीव्हीनं खाल्ला!

दुपारी बाया तिथं जमायच्या, हिंदीत आणलेले तेलुगू सिनेमे बघायच्या आणि डोळे सुजवून बाहेर पडायच्या. परवा अमृतराव गेले, तर त्यांच्या मयतीत याच बाया ठणठणीत कोरड्या. सोजरबाईचा घसा बसला, पण साथ द्यायला कुणी नाही. वर भागीरथा म्हणते कशी, "कालच्या सिनेमात बाप मेला, तवाच माये डोये रिकामे झाले व." सोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी ती स्वतःच जाऊन बसली. पाहू तरी, काय येवढं करून राह्यला तो मेला टीव्ही!

पडद्यावर हिरोला गोळी लागली. बायकोनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या गालावरून एक थेंब ओघळला, मागं बासरी वाजली. झालं! सगळ्यांचे पदर डोळ्यांना लागले.

"हे का रडनं होय?" सोजरबाई कडाडली. "नवरा मेला तिचा, अन् काजळबी हाललं नाई!"

आणि तिनं हेल काढला. असा काढला की बासरी बुडाली, बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या, चुलीपाशी बसलेली रेणुकाबाई धावत आली. कुणाचं लक्ष पडद्याकडं राहिलं नाही. सोजरबाईच्या काळजाला गारवा मिळाला.

तेवढ्यात हिरोचं बोट हाललं. त्यानं डोळे उघडले, बायकोनं त्याला मिठी मारली. बायांनी टाळ्या पिटल्या.

"सोजरबाई, तुमच्या रडन्यानंच उठला वो!" भागीरथा म्हणाली आणि बायांवर हसून हसून लोळायची वेळ आली.

सोजरबाई हसली नाही. तिचा नवरा, तिच्या पूनमचा बाप, जाऊन दोन वर्षं झाली होती. ती पडद्यावरच्या त्या पोरीकडं टक लावून बघत होती. टीव्हीचा राग केव्हाच गेला, आता त्या पोरीचा हेवा तिला आतून जाळत होता.

"येक थेंब गाळला व तिनं," ती म्हणाली, "अन् तिचा उठून बसला. पूनमच्या बापासाठी तं मी घसा फाडला. थो काऊन नाई उठला?"