ताईचे पिवळे चुलतसासरे

माझ्या ताईच्या चुलतसासऱ्यांइतका तिरसट, हट्टी आणि रोग्यांशी भांडणारा डॉक्टर सबंध वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. झाला असेल तर त्याच्या गावाने त्याला कधीच हाकलून दिलं असेल. मेडशी गावाने यांना ठेवून घेतलं ते प्रेमाने की दुसरा डॉक्टर नव्हता म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आपल्या लोकांना सुई टोचल्याशिवाय दवाखान्यात गेल्याचं समाधान नसतं, आणि या गृहस्थांना सुईचं नाव काढलेलं खपत नसे. एक शेतकरी "सुईच पायजे" म्हणून ओट्यावर अडून बसला, तेव्हा त्यांनी त्याला खरोखरच सुई दिली, दोरा ओवून, आणि म्हणाले, "सदऱ्याचं बटन लाव अन् घरी जाय. तुले काई झालं नाई."

नवं औषध रोग्याला देण्याआधी ते स्वतः घेऊन बघत. जुलाबाचं एक नवं औषध त्यांनी नेमकं पुतण्याच्या, म्हणजे माझ्या भाऊजींच्या, हळदीच्या दिवशी घेतलं. लग्नात ते आम्हा मुलीकडच्यांना फक्त पाठमोरे दिसले, तेही धावताना. विलायतेहून निघालेली वैद्यकीय मासिकं जऊळक्याच्या स्टेशनात उतरून शिळी होऊन त्यांच्यापर्यंत पोचत. ती ते बसलेल्या रोग्यांना मोठ्याने वाचून दाखवत, वर वऱ्हाडीत अर्थ सांगत. मध्येच कोणी खोकलं तर चष्म्यावरून बघून म्हणत, "थांब बाप्पा. हे पान होऊ दे, मंग खोक."

स्पष्टच लिहितो, मी त्यांचा शत्रू होतो. आम्ही काही तरुण वाशीमला राहून भोंदू वैद्यांविरुद्ध पत्रकं छापतो आणि बाजाराच्या दिवशी वाटतो. डॉक्टरी पदवी असली म्हणून भोंदूपणा करता येत नाही, असं माझं मत नव्हतं आणि नाही.

गेल्या वर्षी कापूस वेचायच्या दिवसांत ताईच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठला. उन्हात गेली की भडकायचा, त्यावर खपल्या धरायच्या. बायका कुजबुजल्या, "महारोग". तेवढ्यावर ताईच्या सासूने तिची खाट गोठ्यात टाकली, ताट वेगळं केलं आणि तीन वर्षांच्या बाळ्याला आईजवळ जायची बंदी केली. ताई गोठ्यातून हाक मारायची आणि पोर घरातून रडायचं. भाऊजी मान खाली घालून बसायचे. लोक असे कसे वागू शकतात, हे मला आजही कळत नाही!

चुलतसासरे आले. त्यांनी ताईला डोळे मिटायला लावले आणि गालावर कापूस फिरवून, टाचणी टोचून, "कुठं लागलं? आता कुठं?" असं विचारलं. ताईने दर वेळी बरोबर जागा सांगितली. ते अंगणात येऊन ओरडले, "वयनी, महारोगात चट्ट्याले टोचलेलं समजत नाई. हिले समजून राह्यलं. याले लुपस म्हन्तात. हा कोनाले लागत नाई. पोट्टं द्या तिच्याजवळ."

"तुमी सांगान अन् आमी ऐकू?" सासू म्हणाली आणि बाळ्याला घेऊन आत गेली.

त्यांनी ताईचं उन्हात जाणं बंद केलं, आपली छत्री तिला दिली आणि हिवतापाच्या पिवळ्या गोळ्या सुरू केल्या. माझं डोकं फिरलं. गालाच्या चट्ट्याला हिवतापाची गोळी! मी पत्रक लिहिलं, 'रोग कुठला, औषध कुठलं?' आणि छापण्याआधी ते त्यांच्या तोंडावर वाचून दाखवायला गेलो. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"लेखनाले जोर हाय. पन खोटं हाय," ते म्हणाले आणि एक मासिक माझ्यापुढे टाकलं. या गोळ्यांनी लुपसचे चट्टे उतरल्याचं त्यात आलं होतं. "हे नवं हाय, पोरा. सगळ्याईले गुन येते असं नाई. पन दुसरं आपल्याजवळ हाय काय?"

मी पत्रक खिशात ठेवलं. फाडलं मात्र नाही.

गोळ्यांनी ताईचा रंग हळूहळू पिवळा झाला. सासूने कपाळावर हात मारला, "आता कावीळबी झाली!" आणि उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी चुलतसासरे नवी पुडी घेऊन आले. ताईने दोन पेले पाणी भरलं. एक गोळी त्यांनी तिला दिली, एक भावजयीसमोर स्वतः गिळली. मग रोज सकाळी तेच. महिन्याभरात त्यांचं टक्कल पिकल्या लिंबासारखं दिसू लागलं आणि बाजारात पोरं त्यांच्यामागे फिरू लागली. एके सकाळी ते आपली वळकटी काखेत मारून ताईच्या सासूपुढे उभे राहिले. "वयनी, मीबी पिवळा झालो. टाका माही खाट गोठ्यात."

सासूने त्यांचं तोंड नीट न्याहाळलं. "तुमाले काई नाई झालं. गोळ्याईचा रंग हाय तो," ती चिडून म्हणाली. आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं असावं, कारण त्यानंतर गोळ्या चुलीत गेल्या नाहीत.

संक्रांतीनंतर चट्टा फिका पडत गेला. होळीपर्यंत गालावर नुसती सावली उरली. एका दुपारी सासूने स्वतः बाळ्याला गोठ्यात नेऊन खाली बसलेल्या ताईच्या मांडीवर ठेवलं आणि खाट उचलून घरात नेली. मी दारात उभा होतो. बाळ्या आधी बावरला, मग आईचा पदर मुठीत धरून तिथेच झोपला.

मी धावत दवाखान्यात गेलो. म्हटलं, काका, आता नवं पत्रक काढतो, रोग कायमचा बरा झाला म्हणून!

"कायमचा नको लिहू," ते म्हणाले. "दबला हाय. आज बरी हाय, तेवढंच लिही." आणि पुढच्या रोग्यावर ओरडायला वळले.

ताईच्या गोळ्या आता कमी झाल्या आहेत. चुलतसासऱ्यांनी तर आपल्या केव्हाच थांबवल्या. त्यांचा पिवळा रंग उतरून पुन्हा गव्हाळ झाला आहे. मी ताईकडे गेलो की ते कधीमधी रस्त्याच्या पलीकडून जाताना दिसतात. रोज सकाळी ताईच्या घरी यायचं त्यांना आता काही कारण उरलेलं नाही. ताई मात्र त्या वेळेला दोन पेले पाणी भरून ठेवते, आणि मग दुसराही आपणच पिऊन टाकते.