गयाबाईचा काळा-पांढरा फोटो

मंठ्यातल्या राजानंद साळवेंनी तीस वर्षं लग्नं काढली, नामकरणं काढली, शाळांचे ग्रुप फोटो आणि पासपोर्टचे चौकोन काढले. पण त्यांचा हात तयार झाला होता तो जालन्यात, नवलकिशोरजी नावाच्या मारवाडी फोटोग्राफरच्या डार्करूममध्ये. विसाव्या वर्षी ते तिथं कामाला लागले आणि सहा वर्षं राहिले. लाल दिव्याखाली ट्रेमधल्या औषधातून चेहरा हळूहळू वर यायचा. ते बघण्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. पुढं रंगीत फोटो आले, मग डिजिटल आलं, आणि काळा-पांढरा फोटो मागायला कुणी येईना.

मागच्या फेब्रुवारीत निवृत्त शिक्षिका बेबीनंदा मघाडे त्यांच्या स्टुडिओत आल्या. 'जयभीम' झाला. त्यांनी पर्समधून एक जुनं ओळखपत्र काढलं. त्यावर नखाएवढा काळा-पांढरा फोटो होता, त्यांच्या आईचा, गयाबाईचा. गयाबाईनं जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत बावीस वर्षं बी निवडलं आणि त्या मजुरीवर मुलीला डीएड केलं. सगळ्या आयुष्यात तिचा हा एवढाच फोटो होता. लग्नकार्यात फोटोवाला समोर आला की ती तोंड फिरवायची. 'माझा फोटो काळाच निघतो,' म्हणायची. कंपनीच्या पाससाठी बसावंच लागलं, म्हणून ही एक खूण उरली.

गयाबाईला जाऊन वर्ष होत आलं होतं. बेबीनंदांनी दुसरीकडून एक मोठा चकचकीत प्रिंट काढून घरी लावला होता, पण वडिलांची नजर अधू. खाटेवरून बघितलं की दाराचा उजेड फोटोवर चमकायचा.

"बाबा म्हणले, मला तर नुस्ता दरवाजाच दिसून राह्यला," बेबीनंदांनी सांगितलं. "न चमकणाऱ्या कागदावर होईल का, दादा? चौदा मार्चला स्मृतिदिन आहे."

राजानंद हो म्हणाले. त्यांनी नुकताच एक जुना, पण चांगला इंकजेट प्रिंटर घेतला होता. मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या कागदाचं पाकीटही आणलं होतं. फोटो स्कॅन करून त्यांनी आधी स्टेपलरच्या पिनेचा डाग काढला आणि पहिला प्रिंट सोडला.

तो राखेसारखा निघाला. गयाबाईचे केस करडे, लुगड्याचा काठ करडा, काळं म्हणून कुठं काही नाही. राजानंदांना वाटलं शाई सुकली असेल. त्यांनी तपासणीचा कागद काढला, तर रेघा सगळ्या अखंड, म्हणजे शाई नीट येत होती. कागद उलटा लागला असेल म्हणून कोपऱ्याला ओलसर बोट लावून बघितलं. ज्या बाजूला बोट चिकटतं ती लेप दिलेली, छापायची बाजू. तीही बराबर होती. शेवटी संगणकावरचा कागदाचा प्रकार त्यांच्या लक्षात आला. तिथं अजून चकचकीत कागदच निवडलेला होता. या प्रिंटरमध्ये काळ्या शाया दोन, एक चकचकीत कागदाची आणि एक मॅटची, आणि कोणती वापरायची हे तो त्या निवडीवरून ठरवतो. मॅट निवडल्यावर काळं काळं झालं.

पण आता फिकट लुगड्यावर लालसर झाक आली. प्रिंटर रंगीत शाया मिसळून करडा रंग बनवत होता. राजानंदांनी खास काळ्या-पांढऱ्या छपाईचा पर्याय शोधून लावला, तेव्हा झाक गेली.

राहिला चेहरा. गयाबाई चांगली काळीसावळी होती, आणि मॅट कागदानं तिचा चेहरा गिळूनच टाकला. डोळ्यांखालची छाया, नाकाची कड, हनुवटीवरचं गोंदण, सगळं एका काळ्या डागात गेलं. पडद्यावर हे सगळं दिसत होतं, कागदावर नव्हतं. राजानंदांनी चेहरा उजळला. थोडा उजळला, मग आणखी थोडा. दिवसाला दहा गिऱ्हाईकं 'जरा गोरं करा' म्हणणारी, त्यामुळं हात आपोआपच तिकडं गेला. प्रिंट स्वच्छ निघाला, नाकडोळे दिसू लागले. त्यांनी बेबीनंदांना बोलावून घेतलं.

बेबीनंदांनी प्रिंट दोन्ही हातांत धरला. 

"ही आमची आई न्हाई, दादा," त्या म्हणाल्या. "आई काळी होती. जलमभर लोकांनी तिला त्याच्यावरून बोललं. आता मेल्यावर तरी तिला गोरी करू नका."

रागानं नव्हत्या बोलल्या. म्हणूनच ते राजानंदांच्या जास्त जिव्हारी लागलं. त्यांची स्वतःची आईही याच रंगाची होती, आणि घरातल्या तिच्या फोटोत तिला त्यांनीच उजळलं होतं. इतक्या वर्षांत हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "मला चार दिवस द्या, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोटोला हात लावला नाही. नवलकिशोरजी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे, आधी पट्टी काढ, मंग कागद खराब कर. राजानंदांनी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस चौकोनांची पट्टी तयार करून त्याच कागदावर छापली आणि दाराशी, दिवसाच्या उजेडात नेली. शेवटचे सहा चौकोन एकसारखे काळे होते. दोष चेहऱ्याचा नव्हताच. शाई जास्त पडत होती, कागद ती ओढून घेत होता आणि गडद रंगांमधला फरक बुजत होता.

त्यांनी शाईचं प्रमाण कमी केलं आणि पुन्हा पट्टी काढली. सहाचे चार झाले. मग सगळा चेहरा न उजळता फक्त अगदी खालच्या गडद छटा किंचित मोकळ्या केल्या. ओला प्रिंट बघून निर्णय घ्यायचा नाही, असं ठरवून ते प्रत्येक प्रिंट एक दिवस वाळू देत. तिसऱ्या दिवशीच्या प्रिंटमध्ये गयाबाई काळीच होती, आणि त्या काळ्या रंगातून तिची हनुवटी, गोंदणाचे तीन ठिपके, ओठांची घट्ट मिटलेली रेघ वेगवेगळी दिसत होती. कपाळावर उजेड होता. स्टुडिओत कुणी नव्हतं. राजानंद स्टूल ओढून त्या फोटोसमोर बसून राहिले.

बेबीनंदांनी तो बघितला आणि पदर डोळ्यांना लावला. "ही आहे," एवढंच म्हणाल्या.

काच लावली की पुन्हा चमक येणार, म्हणून राजानंदांनी प्रिंट जाड पुठ्ठ्यावर चढवून बिनकाचेची चौकट केली आणि स्वतः बेबीनंदांच्या घरी घेऊन गेले. भिंतीवरचा जुना खिळा फार वर होता. त्यांनी खाटेवर बसलेल्या बाबांना विचारून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला नवा ठोकला. बाबा पुढं वाकले. चेहरा फोटोच्या अगदी जवळ नेऊन ते बघत राहिले.

"हात लावला तर चालंल का?" त्यांनी विचारलं.

मॅट कागदाला बोट लागलं की शाई घासली जाते. राजानंद प्रत्येक गिऱ्हाइकाला हे बजावून सांगायचे. त्या दिवशी ते म्हणाले, "लावा, बाबा."

चौदा मार्चला बुद्धवंदना झाली. राजानंदही गेले होते. फोटोत गयाबाईच्या खांद्यापाशी बाबांच्या बोटांनी घासून एक फिकट पट्टा पडला होता. दुसरा प्रिंट काढून देतो, असं ते हळूच बाबांना म्हणाले.

"न्हाई," बाबा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."